बंगाली मजकुरातल्या भावना मशीन लर्निंगने ओळखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषा-तंत्रज्ञान शिकणारी मराठी मुलंमुली मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बंगाली शब्द देवनागरीत आणि बंगाली वर्णलेखनाप्रमाणे दिले आहेत. वाचताना बंगाली माणूस बऱ्याच ठिकाणी 'अ'चा 'ओ' करतो, तेवढं ध्यानात ठेवा. लिहायचं 'मन', म्हणायचं 'मोन'.

हे म्हणजे सेंटिमेंट ॲनालिसिसच ना?

त्याचा चुलत भाऊ म्हणा. सेंटिमेंटमध्ये साधारण तीन खाने असतात: चांगलं, वाईट आणि अध्येमध्ये. लोडशेडिंगवर चिडलेला, पुराचं पाणी दारात आलं म्हणून घाबरलेला आणि आजी गेली म्हणून रडणारा, हे तिघेही त्याच्या लेखी 'वाईट'च्या रांगेत उभे. भावना ओळखायची म्हणजे त्या 'वाईट'च्या पोटात काय आहे ते शोधायचं. वीज कंपनीला पहिला माणूस हवा असतो, मदत पथकाला दुसरा.

तंत्राच्या भाषेत हे मजकुराचं वर्गीकरण आहे. मॉडेलमध्ये, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या प्रोग्राममध्ये, एका बाजूने वाक्य जातं, दुसऱ्या बाजूने एक किंवा अनेक लेबलं येतात. 'अनेक' हा शब्द महत्त्वाचा आहे. मुलगी परदेशी शिकायला निघाली त्या दिवशी बाप जे लिहितो त्यात एकच भावना शोधणारा माणूस बाप झालेला नसावा.

मला बंगाली येत नाही. मराठी आणि हिंदी चांगलं आहे, त्यावर भागेल का?

कोड लिहिण्यापुरतं भागेल. लेबलं तपासण्यापुरतं मुळीच नाही, आणि मराठी माणसाला तर धोका जास्त, कारण त्याला वाटतं की आपल्याला कळतंय.

माझीच गोष्ट सांगतो. लेबल लावलेल्या वाक्यांची एक शीट मी चाळत होतो. बंगाली लिपी जेमतेम वाचता येत होती. एक वाक्य आलं: 'मा, तोमार ओपर आमार खुब अभिमान हयेछे.' समोर लेबल होतं 'दुःख'. मला वाटलं लावणाऱ्याला डुलकी लागली असणार. आईबद्दल अभिमान म्हणजे आनंद. मी ते बदलून टाकलं, आणि अशी आणखीही काही बदलली. संध्याकाळी कोलकात्याच्या सहकारी बाईंनी शीट उघडली आणि फोन करून विचारलं, की हे दिव्य कोणी केलं?

बंगालीत 'अभिमान' म्हणजे रुसवा. आपल्या माणसाने आपल्याला दुखवलं, त्याने विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, म्हणून मनात जे धरून बसतो ते. वाक्याचा अर्थ होता, 'आई, मी तुझ्यावर खूप रुसलेय.'

अशा शब्दांची यादी मी तेव्हापासून ठेवली आहे. 'आदर' म्हणजे लाड, माया. 'हिंसा' म्हणजे बहुतेक वेळा हेवा, त्यात मारामारी असायलाच हवी असं नाही. 'बिरक्त' म्हणजे वैतागलेला. आपला विरक्त संसार सोडून हिमालयात जातो, त्यांचा बिरक्त बसची वाट बघत स्टॉपवर उभा असतो. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. आणि या सगळ्या विषयाच्या नावातच गंमत आहे: बंगालीत 'भाबना' म्हणजे विचार किंवा काळजी. आपण ज्याला भावना म्हणतो त्याला ते 'आबेग' म्हणतात. मराठीतून शोधायला गेलात तर पहिल्याच पायरीवर चुकाल.

बरं, 'राग' मात्र दोन्हीकडे रागच. 'भय', 'आनंद', 'घृणा' हेही ओळखीचे. म्हणून तर फसायला होतं.

पण मॉडेलला या जुळ्या शब्दांचा काय त्रास? लिपी तर वेगळी आहे.

लिपी वेगळी असेपर्यंत फारसा नाही. पण भारतीय भाषांसाठीच्या काही मॉडेलांमध्ये सगळ्या लिप्या आधी देवनागरीत आणतात, म्हणजे समान शब्दांचा फायदा सगळ्या भाषांना मिळतो. एआय४भारत या संशोधन गटाचं इंडिकबार्ट असंच बांधलेलं आहे. कल्पना उत्तम आहे, 'राग' आणि 'भय'साठी तर फारच. पण मग मराठी 'अभिमान' आणि बंगाली 'अभिमान' समोरासमोर येतात. मराठीवर शिकवलेलं मॉडेल बंगालीवर चालवून बघणार असाल तर या शब्दांची वाक्यं बाजूला काढून हाताने तपासा. आजूबाजूच्या शब्दांवरून मॉडेल सावरतंही, पण शिकवायला वाक्यं कमी असतील तर एकट्या शब्दावर भिस्त ठेवण्याची शक्यता वाढते.

सगळीकडे सहाच भावना का असतात?

मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या कामामुळे. राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य या सहा भावना जगभरच्या माणसांच्या चेहऱ्यावर सारख्याच ओळखू येतात, असं त्यांनी मांडलं. लक्षात घ्या, चेहऱ्यावर. ती यादी संगणकवाल्यांनी उचलली आणि मजकुराला लावली, कारण सहा खाने हाताळायला सोपे.

नाट्यशास्त्राच्या आठ स्थायिभावांशी ही यादी ताडून पाहा. क्रोध, जुगुप्सा, भय, शोक, विस्मय हे पाच सरळ जुळतात आणि हासाला ओढूनताणून आनंदात बसवता येतं. उरतात रती आणि उत्साह. म्हणजे एकमनच्या यादीत प्रेमाला जागा नाही, आणि बंगाली कमेंटमध्ये प्रेम नाही असं होत नाही.

एमोनोबा या बंगाली कमेंटच्या डेटासेटने, म्हणजे लेबल लावलेल्या संग्रहाने, म्हणून 'जुंटो' नावाचं दुसरं भावनाचक्र घेतलं. त्यात प्रेम, आनंद, आश्चर्य, राग, दुःख, भीती असे सहा खाने आहेत. प्रेम आलं, किळस गेली. याचा व्यावहारिक परिणाम असा, की एकमनच्या सहांवर लेबल लावलेला डेटा आणि हा डेटा तुम्ही सरळ एकत्र करू शकत नाही. दोन्हीकडे आकडा सहाच असल्यामुळे बरेच जण करतात. मग 'किळस'वाल्या ओळी 'रागा'त टाकल्या जातात आणि राग कशाला म्हणायचं हेच मॉडेलला कळेनासं होतं.

खाने वाढवले तर? गूगलच्या २०२० सालच्या गोइमोशन्समध्ये २७ भावना आणि एक तटस्थ असे खाने आहेत, इंग्रजीतल्या सुमारे ५८,००० रेडिट कमेंटवर. खाने वाढले की लेबल लावणाऱ्यांचे मतभेदही वाढतात आणि काही खान्यांत मोजकीच वाक्यं उरतात. आणि सत्तावीस खाने असूनही बंगाली 'अभिमान', म्हणजे रुसवा, त्यात नाही. असणार तरी कसा, यादी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मनातून आली.

तयार डेटा कुठला आहे?

शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही. जादवपूर विद्यापीठात दीपंकर दास आणि शिवाजी बंद्योपाध्याय यांनी २००९ मध्येच बंगाली ब्लॉगमधल्या वाक्यांवर भावनांच्या खुणा लावण्याचं काम प्रसिद्ध केलं होतं. शब्दाशब्दाला भावना लावायची आणि त्यावरून वाक्याची ठरवायची, अशी ती रीत.

अलीकडच्या कामात बांगलादेशातल्या चट्टग्रामच्या (चितगाव) अभियांत्रिकी विद्यापीठातल्या गटाचा डेटा महत्त्वाचा. २०२१ च्या त्यांच्या निबंधात ६,२४३ मजकूर एकमनच्या सहा भावनांत विभागलेले आहेत आणि त्यावर एक्सएलएम-रोबर्टा हे बहुभाषी मॉडेल सगळ्यांत पुढे राहिलं, भारित एफ-१ गुण ६९.७३ टक्के. (एफ-१ म्हणजे किती सापडलं आणि सापडलेलं किती बरोबर, या दोन्हींचा मिळून गुण; भारित म्हणजे मोठ्या खान्याला जास्त वजन.) पुढे हाच संग्रह ७,००० वर नेला. २०२२ चा एमोनोबा मोठा: समाजमाध्यमांवरच्या २२,६९८ कमेंट, १२ विषय, आणि एका कमेंटला एकाहून जास्त लेबलं लावायची मुभा.

सेंटनोब नावाचाही डेटा सापडेल. नाव सारखं असलं तरी तो सेंटिमेंटचा आहे, भावनांचा नाही.

लेबल लावायला किती माणसं लागतात?

निदान तीन. दोघांत भांडण झालं की तिसरा हवाच. तिघेही एकाच कॉलेजच्या एकाच वर्गातले नसतील तर फार बरं.

किती एकमत झालं हे नुसत्या टक्क्यांनी सांगू नका. समजा दोघांनी १०० वाक्यं पाहिली आणि ७० वर लेबल जुळलं. ऐकायला छान वाटतं. पण दोघांनी डोळे मिटून लेबलं लावली असती तरी, समजा, ३० जुळली असती. मग खरं एकमत किती? जुळलेल्या ७० मधून योगायोगाचे ३० वजा केले की ४०. जुळायला वाव होता १०० वजा तेच ३०, म्हणजे ७० ला. ४० भागिले ७०, म्हणजे ०.५७. एकमताच्या या मापाला म्हणतात कोहेनचा 'कप्पा' (ग्रीक अक्षर). ०.५७ म्हणजे बरं, पण सूचना पुन्हा लिहायला घ्या एवढं सांगणारं.

सूचनांमध्ये एक वाक्य आधीच ठरवा: कुणाची भावना? लिहिणाऱ्याची, वाक्यातल्या माणसाची, की वाचणाऱ्याची? 'ओर राग देखे हासि पाय', म्हणजे 'त्याचा राग बघून हसू येतं'. यात 'राग' शब्द आहे आणि लिहिणारा हसतोय. इथे बंगालीची ठेवण मदत करते. आपण 'मला राग आला' म्हणतो, ते 'आमार राग हच्छे' म्हणतात, 'माझा राग होतोय' असं काहीसं. 'आमार' की 'ओर', एवढं बघितलं तरी बरेच वाद मिटतात.

फेसबुकच्या रिॲक्शन फुकट मिळतात. त्याच लेबल म्हणून वापरल्या तर?

मोह समजू शकतो. पण 'हाहा'ला आनंद समजलात तर बुडालात. बांगलादेशात 'हाहा' ही टिंगल करायची, समोरच्याला खाली पाडायची खूण होऊन बसली आहे. २०२१ मध्ये तिथल्या एका लोकप्रिय मौलवींनी, दुसऱ्यांची थट्टा करायला 'हाहा' देणं निषिद्ध आहे, असं जाहीर सांगितलं होतं. त्याची बातमी जगभर झाली. त्यांच्या त्या व्हिडिओखालीही लोकांनी 'हाहा' दिल्याच.

रडका चेहरा त्या मानाने प्रामाणिक. तरी रिॲक्शन ही वाचणाऱ्याची असते, लिहिणाऱ्याची नाही, हे मागच्या उत्तरातलं दुखणं इथेही आहेच.

मजकूर साफ करताना काय सांभाळायचं?

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

पायथनच्या सायकिट-लर्न या संचातलं शब्द मोजणारं टीएफ-आयडीएफ यंत्र बहुतेक जण जसं येतं तसंच वापरतात. त्याचा शब्द ओळखायचा नियम असा, की दोन किंवा जास्त 'अक्षरं' सलग आली की शब्द. पण पायथनच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नाहीत. तिथे शब्द तुटतो. आता 'भालो लागे ना' हे वाक्य बंगाली लिपीत त्याला द्या. 'आवडत नाही', 'बरं वाटत नाही' अशा अर्थाचं हे रोजचं वाक्य. 'भालो'चे होतात भ आणि ल, मध्ये काना आणि शेवटी मात्रा. दोन्ही एकेकटे, म्हणून बाद. 'लागे'चे ल आणि ग, बाद. 'ना'चा न, बाद. अख्खं वाक्य गेलं, यंत्राच्या हाती शून्य. 'मन खाराप' दिलं तर 'मन' राहतं आणि 'खाराप' जातं, म्हणजे नेमकं जे हवं तेच.

मराठीत तर याहून वाईट. 'आवडत नाही' दिलं की 'आवडत' राहतं, कारण त्यात काना-मात्रा नाहीत, आणि 'नाही' उडतं. चूक दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही. प्रोग्राम खुशाल चालतो आणि वर साठ टक्के अचूकताही दाखवतो. उपाय एका ओळीचा आहे: शब्द तोडायचा नियम बदलून रिकाम्या जागेवर तोडायला सांगा, किंवा सरळ अक्षरगट, म्हणजे सलग काही अक्षरांचे तुकडे, वापरा.

असाच दुसरा खड्डा म्हणजे बहुभाषी बर्ट या भाषा-मॉडेलची 'अनकेस्ड' आवृत्ती. ती इंग्रजीतले लहान-मोठे अक्षरभेद काढताना अक्षरांवरच्या खुणाही पुसते, फ्रेंच वगैरेंसाठी. त्यात बंगाली उकार, ऋकार, हसंत (पाय मोडायची खूण) आणि चंद्रबिंदू पुसले जातात. 'सुख'चं 'सख' होतं, 'दुःख'चं 'दःख', 'घृणा'चं 'घणा'. 'केस्ड' आवृत्ती घ्या.

तिसरा, 'नको असलेल्या शब्दां'च्या याद्या. नेटवर मिळणाऱ्या बंगाली याद्यांत 'ना', 'नेइ', 'नय' असतात का ते बघा आणि असतील तर काढा. बंगालीत नकार क्रियापदाच्या मागून येतो, आपल्यासारखाच. तो गेला की 'भालो लागे ना'चं 'भालो लागे' झालं, म्हणजे 'आवडतं'. मात्र प्रत्येक 'ना' नकारार्थी नसतो. 'बसो ना' म्हणजे 'बस ना', अगदी आपल्या घरातला आर्जवाचा ना. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, हे एक बरं.

बाकीचं थोडक्यात. बंगालीतलं नुक्त्याचं य आणि ड युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी साठवलं जातं. दिसायला एक, यंत्राला दोन वेगळे शब्द. आधी एकसारखं करून घ्या. जुना मजकूर 'बिजय' पद्धतीच्या फॉन्टमध्ये असू शकतो. श्रीलिपीच्या जुन्या फायली उघडताना जी गंमत येते तीच इथे. 'खुउउउउब' लिहिलेलं असेल तर सगळे उ कापू नका, दोन ठेवा. ताणलेला स्वर हीसुद्धा माहिती आहे. उद्गारचिन्हं आणि इमोजी तर अजिबात फेकू नका. बातम्यांच्या वर्गीकरणातून उचललेला साफसफाईचा कोड इथे चालत नाही, तो नेमकं तेच फेकतो.

रोमन लिपीत लिहिलेल्या बंगालीचं काय करायचं?

ॲव्रो कीबोर्ड २००३ मध्ये आला आणि उच्चाराप्रमाणे टाइप करून बंगाली लिपी उमटवणं सोपं झालं. तरी चॅटमध्ये आणि कमेंटमध्ये रोमन बंगाली भरपूर आहे, आणि त्याला शुद्धलेखन नाही. 'भालो'तला भ कोणी बी-एच लिहितो, कोणी व्ही. आकार कधी एकदा ए, कधी दोनदा. एकाच शब्दाची सहा-सात रूपं सहज सापडतात.

दोन वाटा आहेत. लिप्यंतर करून सगळं बंगाली लिपीत आणायचं, किंवा रोमन मजकूरही पाहिलेलं मॉडेल घ्यायचं. गूगलच्या म्युरिल या मॉडेलला शिकवताना १६ भारतीय भाषा आणि इंग्रजीबरोबर रोमनमध्ये लिप्यंतरित मजकूरही दिला होता. माझं मत दुसऱ्या वाटेच्या बाजूने, कारण लिप्यंतर करणारं यंत्र मधले इंग्रजी शब्दही बंगाली समजून बदलतं आणि तो घोळ निस्तरण्यात आठवडा जातो.

मॉडेल कुठलं घेऊ?

आधी सगळ्यात साधं: तीन ते पाच अक्षरांचे गट, टीएफ-आयडीएफ, वर लॉजिस्टिक रिग्रेशन हे जुनं वर्गीकरणाचं गणित. लॅपटॉपवर मिनिटभरात होतं. बंगालीत एका क्रियापदाची रूपं फार ('करछि', 'करछिलाम', 'करबो'), आणि अक्षरगट त्यांतला समान भाग आपोआप पकडतात. लेखनातल्या चुकाही पोटात घालतात.

हे मी जुन्या माणसाच्या हट्टाने सांगत नाही. एमोनोबावर नेमकं हेच दिसलं: हाताने घडवलेली शब्द-अक्षरांची वैशिष्ट्यं न्यूरल जाळ्यांपेक्षा आणि आधी शिकवलेल्या भाषा-मॉडेलांपेक्षा सरस ठरली. चट्टग्रामच्या डेटावर मात्र एक्सएलएम-रोबर्टा पुढे. म्हणजे 'कुठलं चांगलं' याचं उत्तर डेटा बघितल्याशिवाय देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

त्यानंतर बांग्लाबर्ट हे बंगाली भाषा-मॉडेल. ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठातल्या म्हणजे बुएटच्या गटाने ११० बंगाली संकेतस्थळांवरून गोळा केलेल्या २७.५ जीबी मजकुरावर ते तयार केलं. सुमारे ११ कोटी पॅरामीटर, म्हणजे गूगलच्या कोलॅब सेवेच्या फुकट जीपीयूवरही शिकवता येतं. सगळ्या डेटावरून तीन ते पाच फेऱ्या, शिकण्याचा वेग ०.००००२ च्या आसपास, मजकुराची लांबी जास्तीत जास्त १२८ तुकडे (शब्द किंवा शब्दांचे भाग). कमेंटला तेवढी पुरते. दोन गोष्टी विसरू नका. या मॉडेलसोबत त्यांचा स्वतःचा मजकूर एकसारखा करणारा प्रोग्राम येतो, तो आधी चालवायचा असतो. आणि जवळजवळ याच नावाचं दुसऱ्याच कोणी केलेलं आणखी एक मॉडेल आहे. डाउनलोड करताना मालकाचं नाव वाचा.

लेबल लावायचं काम एखाद्या चॅटबॉटलाच दिलं तर?

पहिला हात मारायला द्या. पुण्याच्या एल३क्यूब या गटाने मराठीसाठी ११ भावनांचा महाइमोशन्स डेटा केला, त्यात शिकवण्याची लेबलं मोठ्या भाषा-मॉडेलांकडून घेतली, पण तपासणीचा भाग माणसांनी लावला. ही विभागणी मला पटते. परीक्षेचा पेपर आणि उत्तरपत्रिका दोन्ही एकाच पोराने लिहायची नसते.

चॅटबॉटला विचारताना भावनांची नावं बंगालीत द्या आणि प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणंही. नुसतं इंग्रजी नाव दिलं तर तो मनातल्या मनात वाक्य इंग्रजीत नेऊन उत्तर देतोय की काय, अशी शंका येण्याजोगी लेबलं येतात.

माझी अचूकता ८० टक्के आली. पेपर पाठवू का?

आधी हा हिशेब बघा. समजा तपासणीला १,००० कमेंट आहेत: आनंद ४००, दुःख २५०, राग २००, किळस ८०, भीती ४०, आश्चर्य ३०. तुमच्या मॉडेलने अनुक्रमे ३७०, २१५, १७०, ४०, ५ आणि ० बरोबर ओळखल्या. बेरीज ८००, म्हणजे ८० टक्के. टाळ्या.

आता प्रत्येक खान्यात किती टक्के सापडल्या ते काढा: ९२.५, ८६, ८५, ५०, १२.५ आणि शून्य. त्यांची सरासरी ५४ च्या आसपास. भीतीच्या ४० पैकी ३५ हातून निसटल्या. २०२२ साली बांगलादेशात सिलेटला आला तसा पूर आला आणि मदतीच्या हाका शोधायला हे मॉडेल बसवलं, तर ते निर्विकारपणे वाढदिवसाच्या शुभेच्छा शोधून देईल. म्हणून मॅक्रो एफ-१, म्हणजे सगळ्या खान्यांना सारखं वजन देऊन काढलेली एफ-१ ची सरासरी, द्या आणि खान्यागणिक तक्ता द्या.

जाता जाता, तीच शुभेच्छा शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या दोन्ही भागांत आली आहे का तेही पाहा. 'शुभ जन्मदिन' शंभर जण अक्षरशः तसंच लिहितात. आधी एकसारख्या ओळी काढा, मग भाग पाडा. आकडा खाली येईल, येऊ दे.

उपरोध पकडता येतो का?

फारसा नाही. 'बाह्, की सुन्दर रास्ता!' हे खड्ड्यात गेलेला माणूस लिहितो की नव्या पुलावरून जाणारा, हे वाक्यात नाही, सोबतच्या फोटोत आहे. पुण्यातल्या पाट्या वाचून मोठे झालेल्यांना याहून जास्त सांगायला नको.

बांगलादेश आणि पश्चिम बंगाल, एकच मॉडेल चालेल?

प्रमाण लेखनावर चालतं. कमेंटवर घसरतं. पाण्याला तिकडे 'पानि', इकडे 'जल', हा भेद सगळ्यांना माहीत असतो. त्रास देतात ती क्रियापदं: कोलकात्याचा 'करछि' ढाक्याच्या बोलण्यात 'करतेछि' होतो, 'खेयेछि'चं 'खाइछि'. सिलेटी आणि चाटगावी तर मॉडेलला वेगळ्याच भाषा वाटतात, आणि त्या तशा आहेत असं मानणारे भाषाशास्त्रज्ञही आहेत.

भावना सांगण्याच्या ठरीव ओळीही वेगळ्या. कुणी गेल्याची बातमी आली की बांगलादेशात 'इन्ना लिल्लाहि' लिहितात, कोलकात्यात 'आत्मार शान्ति कामना करि'. फक्त एकीकडचा डेटा असेल तर दुसरीकडचं दुःख मॉडेलला धार्मिक मजकूर वाटतं. आणि टीम हरली, परीक्षेचा निकाल लागला, मोबाइल फुटला की तीच 'इन्ना लिल्लाहि' थट्टेतही येते. दोन्हीकडचे लेबल लावणारे घ्या. निदान एक तरी.

हे सगळं मराठीत करायचं असेल तर?

करा. २०२५ च्या सेमइव्हल स्पर्धेत मजकुरातल्या भावना ओळखण्याचं जे आव्हान होतं, त्यात मराठी होती. एल३क्यूबचं महाबर्ट हे मराठी मॉडेल आणि वर सांगितलेला डेटा हाताशी आहेच. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणीतल्या कमेंट मात्र तुम्हालाच गोळा कराव्या लागतील, आणि 'नाही' उडवणारा तो खड्डा तुमचीही वाट बघतोय.

यातून माणसाच्या मनातलं कळतं का?

नाही. तीन अनोळखी माणसांना ते वाक्य वाचून काय वाटलं, त्याचा अंदाज कळतो. हजारो कमेंटचा कल बघायला तो ठीक आहे. एका माणसाची पोस्ट उचलून त्याला नैराश्य आहे, तो धोकादायक आहे, नोकरीला घेऊ नका, असं ठरवायला हे वापरू नये. तसं काम घेऊन कोणी आलं तर मी घेत नाही.

शेवटी त्या 'अभिमाना'चं काय केलंत?

नवा खाना करावा म्हटलं तर इतरांच्या डेटाशी तुलना करता येईना. म्हणून दुःख आणि राग ही दोन्ही लेबलं लावायची ठरवली आणि शेजारी एक मोकळा रकाना ठेवला, 'कुणावर?' त्या रकान्यानेच बरंच उलगडलं. रागाच्या ओळींसमोर सरकार, ट्रॅफिक, डिलिव्हरीवाला असं काहीही यायचं. अभिमानाच्या ओळींसमोर मात्र आई, नवरा, मैत्रीण, मोठा भाऊ. वीज कंपनीवर कुणी रुसत नाही.

एक अपवाद सापडला. क्रिकेटचा सामना हरल्यावर कुणीतरी स्वतःच्या संघाला लिहिलं होतं, 'तोमादेर खेला आर देखबो ना.' तुमचा खेळ आता पुन्हा बघणार नाही. 'अभिमान' हा शब्द त्यात नव्हता. एकाने लेबल लावलं राग, दुसऱ्याने दुःख. कोलकात्याच्या त्या बाईंनी दोन्ही तसंच ठेवलं आणि मोकळ्या रकान्यात लिहिलं: 'रुसलाय. पुढच्या मॅचला पहिला हाच बसेल.'